शेताचा जमाखर्च मांडणारा रसायनज्ञ

शेतातील अर्धा किलो माती कापडी पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवायची आणि तेथून आलेल्या अहवालावरून पिकाला कोणते खत किती द्यायचे हे ठरवायचे, ही पद्धत आता खेडोपाडी पोहोचली आहे. शहरातील वाचकाचा तिच्याशी थेट संबंध येत नाही. पण त्याच्या ताटातील पोळी आणि वरण यांचा हिशेब अखेर त्याच अहवालाशी जोडलेला असतो. माती आणि पीक यांना रसायनशास्त्राच्या तराजूत घालण्याची कल्पना ज्यांनी युरोपभर रुजवली, ते जर्मन शास्त्रज्ञ म्हणजे युस्टुस फोन लीबिग. या कल्पनेवर त्यांची इतकी श्रद्धा होती की, शेताने दिलेला नकार ऐकून घ्यायला त्यांना कित्येक वर्षे लागली. माती परीक्षणाचे शास्त्र घडले ते त्यांच्या यशातून आणि तितकेच त्यांच्या चुकांतून.

रंगाच्या दुकानातील मुलगा

लीबिग यांचा जन्म १२ मे १८०३ रोजी हेसेन संस्थानाच्या राजधानीत, दार्मश्टाट येथे झाला. वडील योहान गेओर्ग हे रंग, वार्निश, औषधी द्रव्ये आणि किरकोळ सामान विकणारे व्यापारी होते. दुकानाला जोडून त्यांची लहानशी कर्मशाळा होती आणि काही रंगद्रव्ये ते स्वतःच तयार करीत. मुलाची पहिली प्रयोगशाळा तीच. राजदरबाराच्या ग्रंथालयातून रसायनशास्त्राची पुस्तके आणून वाचायची आणि त्यांत सांगितलेले प्रयोग वडिलांच्या सामानातून करून पाहायचे, हा त्याचा छंद होता. शाळेत मात्र त्याची गणना मंद विद्यार्थ्यांत होई. पुढे काय होणार, असे शिक्षकांनी विचारले असता त्याने रसायनज्ञ होणार असे सांगितले आणि सारा वर्ग हसला, अशी आठवण लीबिग यांनी उतारवयात नोंदवून ठेवली आहे. रसायनशास्त्र हे पोटापाण्याचे साधन होऊ शकते, असे त्या काळी कोणाला वाटतही नव्हते.

तो तेरा वर्षांचा असताना युरोपवर एक विचित्र संकट कोसळले. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. वातावरणात पसरलेल्या त्याच्या धुळीमुळे आणि गंधकाच्या कणांमुळे १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. सतत पाऊस आणि थंडी यांमुळे पिके शेतातच कुजली, धान्याचे भाव कडाडले आणि जर्मनीच्या अनेक भागांत दुष्काळ पडला. लीबिग यांच्या पिढीने उपासमार पुस्तकात वाचलेली नव्हती, ती पाहिली होती.

पुढे मुलाला हेपेनहाइम येथील एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. पण वर्षाच्या आतच तो घरी परतला. स्फोटक द्रव्यांचे प्रयोग करताना त्याने छप्पर उडवले म्हणून त्याला घालवून दिले, अशी कथा सांगितली जाते. वडिलांना शिकवणीचे पैसे भरणे जमले नाही, हे कारण अभ्यासकांना अधिक संभवनीय वाटते.

गीसेनची प्रयोगशाळा

१८२० साली तो बॉन विद्यापीठात प्राध्यापक कास्टनर यांच्याकडे दाखल झाला आणि त्यांच्या मागोमाग एर्लांगेनला गेला. तेथे विद्यार्थ्यांच्या राजकीय हालचालींत सापडल्यामुळे १८२२ साली त्याला गाव सोडावे लागले. कास्टनर यांच्या शिफारशीवरून हेसेनच्या ग्रँड ड्यूकने शिष्यवृत्ती दिली आणि लीबिग पॅरिसला पोहोचले. त्या काळी रसायनशास्त्राची खरी राजधानी पॅरिसच होती. लहानपणापासून त्यांना भुरळ घालणाऱ्या चांदीच्या स्फोटक क्षारांवर त्यांनी तेथे काम केले. त्या निबंधामुळे आलेक्सांडर फोन हुम्बोल्ट यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. हुम्बोल्ट यांच्या शब्दामुळे गे-ल्युसॅक यांनी या तरुणाला आपल्या खासगी प्रयोगशाळेत घेतले. मे १८२४ मध्ये, विद्यापीठाला न विचारता, ग्रँड ड्यूकने लीबिग यांची गीसेन येथे प्राध्यापक म्हणून नेमणूक केली. तेव्हा त्यांचे वय एकवीस वर्षांचे होते.

गीसेन हे आडवळणाचे छोटे गाव. प्रयोगशाळेसाठी मिळाली ती लष्करी बराकीच्या पहारेकऱ्यांची जुनी इमारत. त्या इमारतीत लीबिग यांनी शिक्षणाची एक नवी रीत सुरू केली. तोवर बहुतेक विद्यापीठांत प्राध्यापक प्रयोग करून दाखवीत आणि विद्यार्थी बाकांवर बसून ते पाहत. गीसेनमध्ये विद्यार्थ्याच्या हातात काचेची नळी आणि तराजू आला. आधी ज्ञात पदार्थांचे पृथक्करण, मग अज्ञात पदार्थांचे आणि अखेर स्वतंत्र संशोधन, अशा पायऱ्या ठरल्या. जर्मनीतूनच नव्हे, तर इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेतूनही विद्यार्थी येऊ लागले. आजच्या विद्यापीठांतील प्रयोगशाळांची घडण बऱ्याच अंशी या बराकीत झाली.

या शिक्षणाच्या केंद्रस्थानी एक साधे उपकरण होते. सेंद्रिय पदार्थात कार्बन किती, हे शोधणे तेव्हा अतिशय कष्टाचे काम होते. पदार्थ जाळून निघणारा वायू गोळा करून मोजावा लागे. १८३१ साली लीबिग यांनी पाच फुगे असलेली एक त्रिकोणी काचनळी प्रसिद्ध केली. तिच्यात पोटॅशचे द्रावण भरलेले असे. जळणाऱ्या पदार्थातून निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड या द्रावणात शोषला जाई आणि नळीचे वजन जेवढे वाढे त्यावरून कार्बनचे प्रमाण काढता येई. कुशल हातांनाच जमणारे पृथक्करण आता साधारण विद्यार्थ्यालाही जमू लागले. ही पाच फुग्यांची नळी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात आजही दिसते.

फ्रीड्रिख व्होलर यांच्याशी त्यांचा स्नेह याच काळातला. दोघांनी तपासलेल्या दोन पदार्थांचे घटक अगदी सारखे निघाले, पण गुणधर्म वेगळे होते. लीबिग यांना आधी व्होलर यांचीच चूक वाटली. पडताळणीनंतर दोघेही बरोबर असल्याचे दिसले, वादाची मैत्री झाली आणि ती जन्मभर टिकली. लीबिग यांच्या इतर वादांचा शेवट मात्र इतका गोड झाला नाही.

राखेची साक्ष

१८३७ साली लीबिग इंग्लंडला गेले आणि लिव्हरपूल येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात सहभागी झाले. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या स्थितीवर अहवाल लिहावा, अशी विनंती त्यांना तेथे करण्यात आली. त्यातून १८४० साली शेती आणि वनस्पतिशरीर यांना रसायनशास्त्र लावून दाखवणारा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ जन्मला. त्याच वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले.

वनस्पती आपले अन्न प्रामुख्याने ह्यूमसमधून, म्हणजे मातीतील कुजलेल्या सेंद्रिय भागातून घेते, अशी तेव्हाच्या शेतीशास्त्राची धारणा होती. लीबिग यांनी तिच्याविरुद्ध हिशेब मांडला. जंगलाला कोणी खत घालत नाही, तरी दरवर्षी एकरभर जंगलातून निघणारा कार्बन खत घातलेल्या शेताच्या जवळपास भरतो. शिवाय जंगलातील ह्यूमस घटत नाही, उलट वाढतो. मग हा कार्बन मातीतून आला असे कसे म्हणायचे? तो हवेतूनच येतो. स्वित्झर्लंडच्या सोस्यूर यांनी १८०४ सालीच प्रयोगाने हे दाखवले होते. पण शेतीच्या जगाने त्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते.

मग माती काय देते? याचे उत्तर लीबिग यांनी राखेत शोधले. गहू जाळला, गवत जाळले, लाकूड जाळले, तरी अखेरीस थोडी राख उरतेच. तिच्यात पोटॅश, चुना, मॅग्नेशिया, फॉस्फेट आणि सिलिका सापडतात. हे घटक योगायोगाने झाडात शिरलेले नाहीत, झाडाला त्यांची गरज आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्येक कापणीबरोबर हे घटक शेताबाहेर जातात. जेवढे गेले तेवढे परत आले नाही, तर जमीन गरीब होत जाते. शेणखताचा गुणही त्यातील या घटकांमुळेच. तेच घटक दुसऱ्या मार्गाने दिले तरी चालतील. आजच्या शेतकऱ्याच्या तोंडी असलेल्या स्फुरद आणि पालाश या शब्दांमागचा विचार हाच आहे.

याच विचारातून न्यूनतमाचा नियम पुढे आला. पिकाला लागणाऱ्या अन्नद्रव्यांपैकी जे गरजेच्या मानाने सर्वांत कमी असेल, ते उत्पन्नाची मर्यादा ठरवते. बाकीची द्रव्ये कितीही वाढवली तरी ती मर्यादा ओलांडता येत नाही. पुढील काळात हा नियम लाकडी पिंपाच्या चित्रातून समजावला जाऊ लागला. पिंपाच्या फळ्या कमीअधिक उंचीच्या असतील, तर पाणी सर्वांत आखूड फळीपर्यंतच राहते. जस्ताची उणीव असलेल्या शेतात युरियाची पोती रिकामी करून काही साधत नाही, ते याच कारणाने.

नियम लीबिग यांच्या नावावर रूढ झाला, पण त्याची पहिली मांडणी त्यांची नव्हती. गटिंगेन येथील कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२६ ते १८२८ या काळात ह्यूमसचा सिद्धांत खोडून काढणारे लेख लिहिले होते आणि न्यूनतमाचा विचारही मांडला होता. लीबिग यांनी त्यांना योग्य ते श्रेय दिले नाही. जर्मनीतील कृषी संशोधन संस्थांच्या संघटनेने पुढे श्प्रेंगेल आणि लीबिग या दोघांच्या नावाने एकच पदक ठेवले आणि तो अन्याय काही अंशी दूर केला.

फसलेले खत

ग्रंथाचे यश इतके मोठे होते की, सिद्धांत बाजारात उतरवण्याचा मोह लीबिग यांना आवरला नाही. पिकाची राख तपासायची, तिच्यात जे सापडेल ते मिसळून त्या पिकाचे खत बनवायचे, अशी योजना ठरली. १८४५ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेण्यात आले आणि लिव्हरपूलच्या मस्प्रॅट घराण्याच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. गव्हाचे खत वेगळे, इतर पिकांचे वेगळे. शेतकऱ्याने पोते आणावे आणि शेतात टाकावे, एवढेच काम उरणार होते.

खत पूर्णपणे फसले. पिकांवर त्याचा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. ज्यांनी पैसे मोजले होते ते शेतकरी संतापले आणि प्रयोगशाळेत बसून शेती शिकवणाऱ्या रसायनज्ञांची टिंगल सुरू झाली. लीबिग यांनी गीसेनजवळ स्वतःच्या पैशाने एक रेताड, पडीक जमीन विकत घेतली आणि तिच्यावर आपली खते वापरून पाहिली. सुरुवातीची पिके निराशाजनक निघाली. सुधारणा झाली ती फार सावकाश. घटक बरोबर होते, मापेही बरोबर होती. मग पीक का येत नव्हते, याचा उलगडा त्यांना होईना.

कारण खताच्या घडणीतच होते. पोटॅश पाण्यात विरघळते, तेव्हा पहिल्या पावसातच ते वाहून जाईल, अशी लीबिग यांना भीती होती. म्हणून त्यांनी ते चुन्याबरोबर भट्टीत वितळवून जवळजवळ अविद्राव्य करून टाकले. पोटॅश वाहून गेले नाही हे खरे. पण ते मुळांनाही मिळाले नाही. शेतात अन्न होते आणि पीक उपाशी होते.

यातला विरोधाभास असा की, हाडांच्या भुकटीवर गंधकाम्लाची प्रक्रिया केली तर तिच्यातील फॉस्फेट पिकाला लवकर मिळेल, ही सूचना लीबिग यांच्याच १८४० च्या ग्रंथात होती. इंग्लंडमधील जमीनदार जॉन बेनेट लॉझ यांनी याच तत्त्वावरील सुपर फॉस्फेटचे पेटंट १८४२ साली घेतले आणि त्यावर भरभराटीचा कारखाना उभा केला. दुसऱ्याच्या हातात विद्राव्य खत यशस्वी झाले आणि स्वतः लीबिग यांनी मात्र अविद्राव्य खत विकले.

विद्यार्थ्याने दिलेला निकाल

खरा आघात पुढेच होता आणि तोही आपल्याच विद्यार्थ्याकडून. लंडनच्या उत्तरेस हार्पेंडन येथे लॉझ यांची रॉथॅम्स्टेड नावाची वडिलोपार्जित जमीन होती. कारखान्याच्या उत्पन्नातून तेथे शेतीचे प्रयोग करायचे त्यांनी ठरवले आणि १८४३ साली जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनज्ञाला सोबतीला घेतले. गिल्बर्ट यांनी डॉक्टरेट मिळवली होती ती गीसेनमध्ये, लीबिग यांच्याच प्रयोगशाळेत.

१८४३ च्या शरद ऋतूत ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गहू पेरण्यात आला. शेताचे पट्टे पाडले होते. एका पट्ट्याला काहीच दिले नाही, एकाला दरवर्षी हेक्टरी सुमारे ३५ टन शेणखत दिले. काहींना राखेत सापडणारी खनिज द्रव्ये, तर काहींना त्यांच्या जोडीने अमोनियाचे क्षार म्हणजे नत्र देण्यात आले. पुढील प्रत्येक वर्षी त्याच पट्ट्यावर तोच गहू, तेच खत आणि कापणीनंतर काटेकोर वजन. चार-पाच हंगामांतच चित्र स्पष्ट झाले. नुसती खनिज द्रव्ये दिलेला पट्टा काहीच न दिलेल्या पट्ट्याच्या थोडासाच पुढे होता. नत्र मिळाल्याबरोबर गव्हाने उचल खाल्ली.

नत्राविषयी लीबिग यांची भूमिका वेगळी होती. पावसाच्या पाण्यात त्यांना अमोनिया सापडला होता. तेव्हा हवेतून आणि पावसातून पिकाला पुरेसे नत्र मिळते, शेतकऱ्याने फक्त खनिजांची भरपाई करावी, असे ते म्हणत. रॉथॅम्स्टेडच्या निष्कर्षांवर त्यांनी कठोर टीका केली आणि प्रयोगांची पद्धतच सदोष ठरवली. लॉझ आणि गिल्बर्ट यांनीही तितक्याच ठामपणे उत्तरे दिली. हा वाद वर्षानुवर्षे नियतकालिकांतून गाजत राहिला. गव्हाच्या बाबतीत निकाल रॉथॅम्स्टेडच्या बाजूने लागला. पावसातून मिळणारे नत्र पिकाच्या गरजेपुढे फारच तोकडे होते.

तरीही लीबिग यांच्या आग्रहातला एक धागा पुढे वेगळ्या रूपात खरा ठरला. १८८६ साली हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, वाटाण्यासारखी शेंगवर्गीय पिके मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने हवेतील नत्र वापरतात. तूर, हरभरा, भुईमूग हे सारे याच कुळातले. हे पाहायला लीबिग हयात नव्हते. जिवाणूंना असे काम सोपवणे त्यांना रुचलेही नसते. कारण किण्वनाचे कारण सजीव आहे, हे पाश्चर यांचे म्हणणे त्यांनी कधी मनापासून मान्य केले नाही.

माती धरून ठेवते

पेटंट खताचे कोडे सुटले ते मातीच्याच अभ्यासातून. यॉर्कशायरचे शेतकरी हॅरी स्टीफन थॉम्प्सन आणि रसायनज्ञ जॉन थॉमस वे यांनी १८५० साली प्रसिद्ध केलेले प्रयोग फार साधे होते. मातीने भरलेल्या नळीतून अमोनियाच्या क्षाराचे द्रावण सोडले, तर खालून निघणाऱ्या पाण्यात अमोनिया नसतो. तो मातीने धरून ठेवलेला असतो आणि त्याच्या बदल्यात चुना पाण्यात उतरलेला असतो. पोटॅशचेही तसेच. चिकणमातीचे कण या द्रव्यांना आपल्याशी बांधून ठेवतात आणि मुळांना हळूहळू देतात. पावसात सारे वाहून जाईल, ही लीबिग यांची भीती मुळातच अनाठायी होती.

लीबिग यांनी आधी वे यांचे म्हणणे धुडकावले. पुढे स्वतः प्रयोग केल्यावर त्यांना ते पटले. १८६२ साली निघालेल्या आपल्या शेतीविषयक ग्रंथाच्या सातव्या आवृत्तीत त्यांनी आपली चूक उघडपणे मान्य केली. मातीला ही शक्ती निसर्गाने आधीच दिली असताना आपण निर्मात्याच्या योजनेत सुधारणा करायला निघालो होतो, अशा आशयाची ती कबुली आहे. वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर, कीर्तीच्या शिखरावर असताना दिलेली. आयुष्यभर वादांत माघार न घेणाऱ्या या माणसाला ती सोपी गेली नसणार.

शहरे आणि शेते

दरम्यान त्यांचे जीवन बदलले होते. १८४५ साली सरदारकी मिळून ते फोन लीबिग झाले. १८५२ साली बव्हेरियाचे राजे दुसरे माक्सिमिलियान यांच्या निमंत्रणावरून ते म्युनिकला गेले. तेथे नित्याच्या अध्यापनातून त्यांना बरीच मोकळीक मिळाली आणि ते लेखन व व्याख्यानांकडे वळले. आरशाला चांदीचा मुलामा देण्याची पद्धत, लहान मुलांसाठी दुधाला पर्यायी अन्न, मांसाचा अर्क अशा अनेक उद्योगांत त्यांनी लक्ष घातले. त्यांच्या नावाचा मांसार्क १८६५ पासून उरुग्वेतील कारखान्यात तयार होऊन घरोघरी गेला; मात्र त्याच्या पोषणमूल्याविषयीचे दावे पुढे टिकले नाहीत.

या काळातील त्यांचा सर्वांत दूरदृष्टीचा विचार शहरांविषयीचा होता. खेड्यातून धान्य शहरात येते. त्याबरोबर शेतातील स्फुरद आणि पालाशही येते. शहरात ते खाल्ले जाते आणि सांडपाण्याबरोबर नदीत जाते. शेताकडे परत काहीच जात नाही. ही शेती नव्हे, ही लूट आहे, असे त्यांचे मत होते. लंडनने आपले मैलापाणी टेम्स नदीत सोडण्याऐवजी शेतांना द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. बाहेरून हाडे आणि ग्वानो आणून आपली जमीन सावरणाऱ्या इंग्लंडवर, दुसऱ्या देशांच्या सुपीकतेवर डल्ला मारल्याचा आरोपही त्यांनी केला. कार्ल मार्क्स यांनी आपल्या भांडवलविषयक ग्रंथात लीबिग यांच्या या विचाराची आवर्जून दखल घेतली.

त्याच प्रश्नाचे वेगळे रूप भारतात दिसले. इंग्लंडमधील रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना १८८९ साली भारतीय शेतीच्या पाहणीसाठी पाठवण्यात आले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात येथील शेतकऱ्याच्या कौशल्याची मुक्त प्रशंसा आहे. त्याचबरोबर, जळणासाठी लाकूड नसल्याने शेणाच्या गोवऱ्या होतात आणि जमिनीच्या वाट्याचे खत चुलीत जाते, हे दुखणेही त्यात नेमके टिपलेले आहे.

अहवालातील आकडा

१८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिक येथे लीबिग यांचे निधन झाले. ज्या गावाने त्यांना पहिली प्रयोगशाळा दिली, त्या गीसेनच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे आणि बराकीतील प्रयोगशाळेचे संग्रहालय झाले आहे.

त्यांच्या मागे एक प्रश्न राहिला. मातीत एखादे द्रव्य एकूण किती आहे, हे रसायनज्ञ सांगू शकतो. पण पिकाला त्यातील किती मिळेल? एक हेक्टर शेताचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर सुमारे वीस लाख किलो वजनाचा असतो. त्यात नत्राचे प्रमाण अवघे ०.०५ टक्के धरले, तरी ते हजार किलो होते. एखाद्या चांगल्या पिकाच्या गरजेच्या कितीतरी पट. तरीही पीक पिवळे पडते. कारण त्यातील बहुतेक नत्र सेंद्रिय पदार्थात बांधलेले असते आणि एका हंगामात त्याचा अल्प भागच मोकळा होतो. ऑक्सफर्डचे चार्ल्स डॉबेनी यांनी १८४५ सालीच मातीतील क्रियाशील आणि सुप्त अन्नद्रव्ये असा भेद केला होता. १८९४ साली बर्नार्ड डायर यांनी मुळांच्या रसाची आठवण ठेवून सौम्य सायट्रिक आम्लात विरघळेल तेवढेच स्फुरद आणि पालाश मोजण्याची पद्धत सुचवली आणि ती रॉथॅम्स्टेडच्या शेतांवरील मातीवर पडताळून पाहिली.

आजचे माती परीक्षण याच वाटेने आलेले आहे. प्रयोगशाळा मातीतील सारे काही मोजत नाही. पिकाला उपलब्ध होईल असा भाग सौम्य द्रावणांनी काढून मोजते. आपल्याकडील चुनखडीयुक्त जमिनींत स्फुरदासाठी सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण वापरतात. ही पद्धत ओल्सन यांनी १९५४ साली दिली. मोजलेला आकडा कमी, मध्यम की भरपूर, हे मात्र त्या द्रावणाला ठाऊक नसते. ते शेतावरील प्रयोगांतूनच ठरवावे लागते. भारतात १९६७ पासून राममूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माती परीक्षण आणि अपेक्षित उत्पादन यांची सांगड घालणारी समीकरणे तयार करण्याचे काम हाती घेतले, ते याच गरजेतून. गीसेनची प्रयोगशाळा आणि ब्रॉडबाल्कचे शेत त्या समीकरणांत एकत्र आले.

लीबिग यांनी राखेतून जे विचारले, ते आता उभ्या पिकाला विचारता येते. ठरावीक वाढीच्या अवस्थेत ठरावीक पाने किंवा देठ तोडून त्यांतील अन्नद्रव्ये तपासली की, मातीत असलेले खरोखर झाडात पोहोचते आहे का, हे कळते. महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांना देठ परीक्षण चांगलेच परिचयाचे आहे. माती परीक्षण घरात धान्य किती आहे ते सांगते, पान-देठ परीक्षण घरातील माणूस जेवला का ते सांगते. दोन्ही लागतात.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे केंद्र सरकारच्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेचा आरंभ झाला. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब अशा बारा बाबी या पत्रिकेत असतात. यादीतील शेवटचे नाव लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या ह्यूमसला लीबिग यांनी वनस्पतीच्या अन्नाच्या सिंहासनावरून खाली उतरवले, त्याचाच हा मापदंड. ते झाडाचे थेट अन्न नसले, तरी ओल, हवा, सूक्ष्मजीव आणि अन्नद्रव्ये यांना जमिनीत धरून ठेवण्याचे काम त्याचेच आहे. पत्रिकेच्या त्या एका ओळीत लीबिग यांच्या विरोधकांचेही म्हणणे शिल्लक आहे.

अशी पत्रिका हाती आल्यावर ती दोन्ही टोकांच्या अतिरेकाशिवाय वाचावी लागते. आकडा खोटा नसतो. पण तो वीस लाख किलो मातीतून उचललेल्या अर्ध्या किलोचा असतो आणि त्यातलेही काही ग्रॅमच काचेच्या भांड्यात गेलेले असतात. नमुना बांधाजवळून किंवा शेणाच्या ढिगाखालून घेतला असेल, तर उत्तम प्रयोगशाळाही चुकीचेच उत्तर देणार. आणि नमुना अचूक असला, तरी त्यावरून केलेली शिफारस कापणीच्या वजनकाट्यावर पुन्हा तपासावीच लागते.

ब्रॉडबाल्कच्या शेतात गव्हाची पेरणी आजही होते. तेथील गहू आणि माती यांचे १८४३ पासूनचे नमुने बाटल्यांत आणि डब्यांत जपून ठेवलेले आहेत. रॉथॅम्स्टेडच्या या संग्रहातील नमुन्यांची संख्या तीन लाखांहून अधिक झाली आहे. लीबिग यांच्याशी झालेल्या वादात साक्ष देणारे धान्य आणि पेंढा त्यातच आहे. लीबिग यांनी शिकवलेल्या पृथक्करणाने ते तपासले गेले आणि त्याच पृथक्करणाने त्यांची चूक दाखवून दिली. शास्त्रज्ञाला आपल्या विद्यार्थ्याकडून याहून मोठी गुरुदक्षिणा क्वचितच मिळत असेल.